पिवळ्या रंगाची साक्ष

पेशीविज्ञानाच्या नियतकालिकांचे गेल्या तीस-पस्तीस वर्षांतले अंक चाळले, तर तीन चौकटींचे एक चित्र पुन्हा पुन्हा भेटते. डावीकडच्या चौकटीत काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके, मधल्या चौकटीत त्याच पेशीतले तांबडे ठिपके आणि उजवीकडे ही दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवून केलेले तिसरे. या तिसऱ्या चित्रात काही ठिकाणी पिवळा रंग दिसतो. खाली एक ओळ असते: अमुक प्रथिन आणि तमुक प्रथिन पेशीत एकाच जागी आढळतात. पुढे निष्कर्षापर्यंत पोचेतो या 'एकाच जागी'चे कधी कधी 'एकमेकांना धरून काम करतात' असे झालेले असते.

या घटनेला इंग्रजीत कोलोकलायझेशन म्हणतात. मी या लेखात त्यासाठी 'सहस्थान' हा शब्द वापरतो. विषाणूचे प्रथिन पेशीतल्या कोणत्या प्रथिनाला धरून बाहेर पडते, औषधाचा रेणू ठरलेल्या जागी पोचतो की नाही, मेंदूतले दोन ग्राही एकत्र असतात की वेगळे, अशा प्रश्नांच्या उत्तरांत सहस्थानाच्या पुराव्याचा मोठा वाटा असतो. हा पुरावा कच्चा असेल तर त्यावर उभारलेली पुढची वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाते. म्हणून या पिवळ्या रंगाची साक्ष कितपत ग्राह्य धरायची, हा वाद कसा सुरू झाला आणि कुठवर आला, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट ही की पेशीत पिवळे काहीच नसते. एका प्रथिनाला हिरवा प्रकाश देणारे द्रव्य जोडलेले असते, दुसऱ्याला तांबडा देणारे. आधुनिक सूक्ष्मदर्शकाचा संवेदक तर रंगही पाहत नाही. समोर बसवलेल्या गाळणीतून आलेले प्रकाशकण तो मोजतो आणि प्रत्येक बिंदूसाठी एक आकडा लिहून ठेवतो. हिरवा आणि तांबडा हे रंग त्या आकड्यांना संगणकावर नंतर दिलेले असतात. ते दोन्ही पडद्यावर एकाच बिंदूत, साधारण सारख्या तेजाने उजळले की आपल्या डोळ्यांना पिवळा दिसतो. 'सारख्या तेजाने' ही अट महत्त्वाची आहे. तांबडे खूप आणि हिरवे थोडे असेल तर दोन्ही प्रथिने हजर असूनही बिंदू तांबडाच दिसेल. उलट, दोन्ही चित्रांचे तेज वाढवत नेले तर जिथे जवळजवळ काही नाही तिथेही पिवळा उगवतो. म्हणजे साक्षीदाराचा आवाज किती मोठा, हे ठरवणारे बटण फिर्यादीच्याच हातात आहे.

ही सोय आली कुठून हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८५२ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी क्विनिनच्या द्रावणावर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पाडले तेव्हा त्यातून निळा प्रकाश बाहेर आला. काही पदार्थ लहान तरंगलांबीचा प्रकाश शोषतात आणि जास्त तरंगलांबीचा परत देतात, हे त्यांनी दाखवले. या गुणाला फ्लुओरस्पार या खनिजावरून फ्लुओरेसन्स असे नावही त्यांनीच दिले. आपण त्याला प्रतिदीप्ती म्हणतो. १८७१ साली आडोल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसिन हे झगझगीत हिरवा प्रकाश देणारे द्रव्य तयार केले. पुढची सत्तर वर्षे जीवशास्त्राला या द्रव्याचा म्हणावा तितका उपयोग झाला नाही, कारण ते हव्या त्या रेणूवर नेऊन बसवायचे कसे, हे कोणाला माहीत नव्हते.

ते जमवले आल्बर्ट कून्स या अमेरिकन डॉक्टरने. १९३९ साली काही काळ ते बर्लिनमध्ये होते. संधिवाती तापात हृदयाच्या स्नायूत ज्या गाठी होतात त्यांचा त्यांना ध्यास लागला होता. त्या गाठींमध्ये जंतूंचे अवशेष असतील का? असतील तर दिसणार कसे? शरीर प्रत्येक जंतूविरुद्ध खास प्रतिपिंडे बनवते आणि ती नेमकी त्यालाच जाऊन चिकटतात. त्या प्रतिपिंडालाच दिवा बांधला तर? हार्वर्डला परतल्यावर कून्स यांनी रसायनतज्ज्ञांच्या मदतीने ते करून पाहिले. १९४१ सालच्या पहिल्या प्रयोगातले द्रव्य निळा प्रकाश देणारे होते. पण शरीराच्या ऊती अतिनील प्रकाशात स्वतःच निळसर चमकतात, त्यामुळे दिवा कुठला आणि भिंत कुठली तेच कळेना. मग फ्लुओरेसिन वापरले, कारण त्याच्या हिरव्याशी ऊतींची गल्लत होत नव्हती. १९४२ साली न्यूमोनियाच्या जंतूंचा अंश ऊतीत नेमका कुठे आहे, हे या हिरव्या प्रकाशाने दाखवले.

या कथेत सहसा न सांगितला जाणारा एक भाग आहे. कून्स यांची पहिलीच अडचण रंगांच्या सरमिसळीची होती. आपला प्रकाश आणि परका प्रकाश वेगळा कसा ओळखायचा, हा प्रश्न या तंत्राबरोबरच जन्माला आला. पुढे तांबडा प्रकाश देणारी रोडामिन वर्गातली द्रव्ये प्रतिपिंडांना जोडता येऊ लागली, एकाच पेशीत दोन दिवे लावणे शक्य झाले आणि तोच प्रश्न दुप्पट होऊन परत आला. कारण फ्लुओरेसिनचा प्रकाश निव्वळ हिरवा नसतो. त्याची शेपटी पिवळ्या-नारिंगीपर्यंत पसरते आणि तांबड्याच्या गाळणीतून पाझरते. पाझर झाला की हिरवे जिथे जिथे आहे तिथे तिथे तांबडेही दिसणार आणि सहस्थान शंभर टक्के भरणार. यावरचा उपाय सोपा आहे: एकच दिवा लावलेली पेशी दुसऱ्या गाळणीतून पाहायची, आणि दोन रंगांची चित्रे एकाच वेळी न घेता एकामागून एक घ्यायची. सोपा आहे म्हणूनच तो टाळला जातो, असे माझे मत आहे.

आता जागेबद्दल. 'एकाच जागी' म्हणताना जागा केवढी? याचे उत्तर १८७३ साली एर्न्स्ट आबे यांनी येना या जर्मन गावात, कार्ल झाइस यांच्या भिंगांच्या कारखान्यासाठी काम करताना देऊन ठेवले आहे. प्रकाश तरंगरूप आहे आणि भिंग कितीही निर्दोष घडवले तरी तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान अंतर ते दाखवू शकत नाही. हे सूत्र आज येनामध्ये त्यांच्या स्मारकावर कोरलेले आहे. दृश्य प्रकाशासाठी ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर भरते, आणि खोलीच्या दिशेने तर ५०० नॅनोमीटर किंवा त्याहून जास्त. मध्यम आकाराचे प्रथिन असते ५ नॅनोमीटरच्या आसपास.

या आकड्यांचा अंदाज येण्यासाठी प्रथिनाला माणूस मानू आणि त्याची रुंदी अर्धा मीटर धरू. त्या मापाने सूक्ष्मदर्शकाचा सर्वांत बारीक ठिपका वीस मीटर लांबरुंद आणि पन्नास मीटर उंच होतो. म्हणजे पंधरा मजली इमारतच. पिवळा ठिपका दिसला, याचा अर्थ एवढाच की ही दोन माणसे एका इमारतीत आहेत. एक दुसऱ्या मजल्यावर आणि दुसरा चौदाव्यावर असेल, जन्मात एकमेकांचे तोंड पाहिले नसेल, तरी ठिपका पिवळाच.

हे सगळे बऱ्याच काळापासून ज्ञात होते, तरी मोजणीची गरज भासली नाही, कारण चित्रे फिल्मवर निघत आणि डोळ्यांनी पाहिली जात. वर-खालच्या थरांतला अंधुक प्रकाश चित्रात मिसळे तो वेगळाच. यावर मार्विन मिन्स्की या तरुणाने (पुढे हेच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातले मोठे नाव झाले) १९५७ साली पेटंटसाठी अर्ज केला होता: एका वेळी एकाच बिंदूवर प्रकाश पाडायचा आणि परतणारा प्रकाश सूक्ष्म छिद्रातून घ्यायचा, म्हणजे बाकीच्या थरांतला प्रकाश अडतो. या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाला लेसर आणि संगणक मिळेपर्यंत वाट पाहावी लागली. १९७९ साली अॅमस्टरडॅम विद्यापीठात ब्राकेनहॉफ आणि सहकाऱ्यांनी उत्तम भिंगांसह तो चालवून दाखवला. १९८७ साली केंब्रिजच्या व्हाइट, एमस आणि फोर्डम यांनी पेशींची अशी चित्रे छापली की जीवशास्त्रज्ञांच्या रांगा लागल्या. बिंदू-बिंदूने मोजणारे हे यंत्र चित्राच्या जागी आकड्यांचा तक्ता देत होते. आकडे हाती आले की त्यांचा हिशेब करावासा वाटणे ओघानेच आले.

तो हिशेब अॅमस्टरडॅममध्येच मांडला गेला, हा योगायोग नव्हे. यंत्र तिथे होते आणि एक पक्का प्रश्नही होता. पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या डीएनएची नक्कल करते. ती सगळीकडे एकदम होत नाही. केंद्रकात काही ठिकाणी आधी, काही ठिकाणी नंतर. एरिक मँडर्स, याकोब आटेन आणि सहकाऱ्यांनी नक्कल चालू असताना आधी एक रासायनिक खूण डीएनएत मिसळली, काही वेळाने दुसरी, आणि दोन्हींना वेगवेगळ्या रंगांचे दिवे लावले. आधीची आणि नंतरची ठिकाणे कितपत जुळतात, हे त्यांना पाहायचे होते. इथे 'थोडे पिवळे, बरेच पिवळे' म्हणून भागणार नव्हते. १९९२ सालच्या त्यांच्या निबंधात त्यांनी एक जुने सूत्र हाताशी घेतले: कार्ल पिअर्सन यांचा सहसंबंध गुणांक.

या सूत्राचे कूळ वेगळेच आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८८ साली माणसाची उंची आणि हाताच्या कोपरापासून पुढची लांबी यांचा मेळ मोजण्यासाठी सहसंबंधाची कल्पना मांडली. पिअर्सन यांनी १८९०च्या दशकात तिला आज वापरतात ते गणिती रूप दिले. दोघांचाही ओढा आनुवंशिकतेकडे आणि आज अंगावर काटा आणणाऱ्या सुप्रजननशास्त्राकडे होता. पिअर्सन यांच्या 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाचे खंड पहिल्या महायुद्धाच्या काळात केंब्रिजहून परतताना प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्याला आणले आणि त्यातून आपल्याकडे संख्याशास्त्राची मोठी परंपरा उभी राहिली. असो. उंची आणि हात यांच्यासाठी घडवलेले सूत्र शंभर वर्षांनी डच प्रयोगशाळेत हिरव्या आणि तांबड्याला लावले गेले.

चित्रातल्या प्रत्येक बिंदूला दोन आकडे असतात, हिरव्याचा एक आणि तांबड्याचा एक. हिरवे जिथे सरासरीपेक्षा जास्त तिथे तांबडेही जास्त, हिरवे कमी तिथे तांबडेही कमी, असे काटेकोर जुळत गेले तर गुणांक १ येतो. काहीच मेळ नसेल तर ० आणि एक जिथे आहे तिथून दुसरे हटकून गायब असेल तर उणे १. तेजाचे बटण फिरवून हा आकडा फसत नाही, हे त्याचे मोठे बळ. संपूर्ण हिरवे चित्र दुप्पट तेजस्वी केले तरी गुणांक तोच राहतो.

पण त्याची दुखणीही आहेत. एखादे गाव घ्या. गावठाण आणि भोवतीचे माळरान असा सगळा पट हिशेबात धरला, तर गावातल्या कोणत्याही दोन गोष्टी, समजा तुळशीवृंदावने आणि मोटारसायकली, एकमेकांशी घट्ट संबंधित आहेत असे उत्तर येईल, कारण माळरानावर दोन्ही नाहीत. पेशीबाहेरची काळी जागा मोजणीत घेतली की हेच होते. छापलेल्या निबंधांत मोजणीची हद्द कुठे आखली होती हे सांगितलेले नसेल, तर तो गुणांक मी वाचून सोडून देतो.

दुसरे दुखणे मँडर्स यांनीच ओळखले. ०.४ हा आकडा जीवशास्त्रज्ञाला काय सांगतो? त्याला विचारायचे असते ते साधे: माझ्या हिरव्या प्रथिनाचा किती वाटा तांबड्याबरोबर आहे? १९९३ साली 'जर्नल ऑफ मायक्रोस्कोपी'मध्ये मँडर्स, फर्बेक आणि आटेन यांनी त्यासाठी नवी मापे दिली. त्यांतली दोन आज एम-१ आणि एम-२ म्हणून ओळखली जातात. एम-१ म्हणजे एकूण हिरव्या तेजापैकी तांबडे असलेल्या बिंदूंमधला वाटा. एम-२ म्हणजे तांबड्या तेजापैकी हिरवे असलेल्या बिंदूंमधला. माप एकाऐवजी दोन का, ते लक्षात घेण्यासारखे आहे. वारीत चालणाऱ्या बहुतेकांच्या गळ्यात तुळशीची माळ असते, पण गळ्यात माळ असलेला प्रत्येक जण आज वारीत चालतो आहे असे नाही. हे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे अगदी वेगळी येऊ शकतात. पिअर्सनच्या एका आकड्यात ही एकतर्फी नाती दिसतच नाहीत. पुढचे तीस वर्षांचे काम या दहा पानांच्या आतल्या निबंधाभोवती फिरत आले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच निबंधात एक तिसरे मापही होते, पिअर्सनच्या सूत्रातून सरासरी वजा करण्याची पायरी काढून टाकलेले. ते समजायला सोपे आणि उत्तर भरघोस देणारे, म्हणून लोकांनी ते उचलले. पार्श्वभूमीचा थोडाही प्रकाश असला की हे माप वर चढते आणि मेळ नसतानाही चांगला आकडा दाखवते. स्वीडनमधले जेरेमी अॅडलर आणि इंगेला पार्मरिड यांनी २०१० साली पिअर्सनचे सूत्रच त्याहून सरस ठरते, असे निबंधाच्या शीर्षकातच लिहून टाकले. तोवर सतरा वर्षे गेली होती.

एम-१ आणि एम-२ यांचा कच्चा दुवा 'तांबडे असलेले बिंदू' या शब्दांत आहे. असलेले म्हणजे किती? कोणताही बिंदू पूर्ण अंधारा नसतो, मागचा उजेड थोडा असतोच. म्हणून एक उंबरठा ठरवावा लागतो. त्याखालचे नाही, वरचे आहे. उंबरठा खाली घेतला की सहस्थान वाढते, वर नेला की घटते. तो ठरवणार कोण? संशोधकच, आणि तोही आपले चित्र समोर ठेवून. बटण पुन्हा फिर्यादीच्या हातात आले.

मेरिलँडमधल्या फ्रेडरिक येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हां कॉस्त, स्टीफन लॉकेट आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हे बटण माणसाच्या हातून काढून घेतले. त्यांची युक्ती अशी: सगळे बिंदू आलेखावर मांडायचे आणि त्यांच्या गर्दीतून एक रेषा काढायची. त्या रेषेवरून वरून खाली येत जायचे आणि प्रत्येक पायरीला विचारायचे, याच्या खाली उरलेल्या बिंदूंमध्ये हिरव्या-तांबड्याचा काही मेळ उरला आहे का? जिथे मेळ शून्यावर येतो, तिथे उंबरठा. चित्र तेच असेल तर कोणीही बसले तरी उत्तर तेच येते.

त्यांची दुसरी पायरी मला अधिक मोलाची वाटते. आलेला मेळ निव्वळ गर्दीमुळे तर नाही ना? दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी तुळशीबागेत कोणतीही दोन माणसे एकमेकांना चिकटूनच दिसणार. हे तपासायला त्यांनी एका रंगाच्या चित्राचे, सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत बारीक ठिपक्याएवढे तुकडे केले, पत्ते पिसावेत तसे पिसले, पुन्हा मांडले आणि गुणांक काढला. असे अनेकदा केले. खऱ्या चित्राचा गुणांक पिसलेल्या चित्रांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक चित्रांपेक्षा वर असेल तरच सहस्थान मानायचे. हे हत्यार त्यांनी एचआयव्हीच्या रेव्ह या प्रथिनावर चालवले. हे प्रथिन पेशीच्या सीआरएम-१ नावाच्या प्रथिनाला धरून केंद्रकाबाहेर पडते. लेप्टोमायसिन-बी हे विषारी द्रव्य घातले की ही जोडी सुटते. कॉस्त यांनी जिवंत पेशीत ती सुटताना मोजली: दर सेकंदाला ०.००१२५ या वेगाने, म्हणजे सुमारे नऊ मिनिटांत निम्म्या जोड्या तुटल्या. पिवळा फिका होत गेला असे मोघम सांगण्यापेक्षा हे कितीतरी वेगळे विधान आहे.

पिसण्याच्या युक्तीला एक जुनी आणि साधी बहीण आहे, ती मागे पडू नये. १९९६ साली बास फान स्टेन्सेल आणि सहकाऱ्यांपुढे उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमधले दोन ग्राही होते. ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक या दोहोंवर बसते आणि दोघेही केंद्रकातच वावरतात. केंद्रकात असल्याने ते ढोबळमानाने एकत्र दिसणारच. प्रश्न होता की केंद्रकाच्या आत त्यांचे बारीक ठिपके जुळतात का. त्यांनी एक चित्र दुसऱ्यावर थोडे थोडे सरकवले आणि प्रत्येक सरकीला गुणांक काढला. जुळणी खरी असेल तर चित्र काही बिंदू सरकले की गुणांक झपकन घसरतो. निव्वळ एकाच मोठ्या जागेत असण्याचा परिणाम असेल तर तो संथपणे उतरतो. निष्कर्ष निघाला की जुळणी आहे, पण अर्धवट: काही ठिकाणी दोघे एकत्र, काही ठिकाणी एकेकटे. 'अर्धवट' हा शब्द त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच घातला. अशी शीर्षके कमी दिसतात.

या सगळ्या पद्धती सामान्य माणसाच्या हाती आल्या त्या एका सरकारी नोकरदारामुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले वेन रॅसबँड यांनी १९८७च्या सुमारास मॅकिंटॉशसाठी चित्रे मोजण्याची एक प्रणाली लिहिली आणि १९९७ साली कोणत्याही संगणकावर चालणारी 'इमेजजे' ही नवी प्रणाली मोफत खुली केली. फ्रान्समधल्या सुझान बोल्ट आणि फाब्रिस कॉर्देलिएर यांनी २००६ साली सहस्थानाच्या बहुतेक सर्व पद्धती तिला जोडल्या आणि सोबत एक दीर्घ मार्गदर्शक निबंध लिहिला. प्रयोगशाळेचे तोंड न पाहिलेला माझ्यासारखा माणूसही घरच्या जुन्या लॅपटॉपवर हे शिकू शकला, तो यामुळेच. या प्रणालीबरोबर नमुन्याची चित्रेही मिळतात. वाचकांपैकी कोणाला हौस असेल तर त्यांनी दोन रंगांची तेजाची पट्टी सरकवून पिवळा कसा हवा तेवढा उगवतो ते पाहावे, आणि मग एक चित्र चार बिंदू सरकवून पिअर्सनचा गुणांक काय म्हणतो तेही.

अर्थात बटण दाबून आकडा मिळू लागला की आकड्यामागचा प्रश्न विसरला जातो. पिअर्सन मेळ सांगतो, मँडर्स वाटा सांगतो. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला लावून चालत नाही. आणि चित्रच खोटे असेल तर कोणतेही सूत्र त्याला खरे करू शकत नाही. भिंग सर्व रंगांना अगदी एका जागी आणत नाही, त्यामुळे हिरवे आणि तांबडे थोडे सरकलेले असू शकतात. त्याहून वाईट म्हणजे पेशी टिकवण्यासाठी ती आधी रसायनाने मारलेली असते. पेशीत आपोआप शिरणाऱ्या काही लहान पेप्टाइडांबद्दल वर्षानुवर्षे असे मानले जात होते की ती थेट केंद्रकात पोचतात, तसे दिसतही होते. फ्रान्समधल्या बर्नार लब्लू यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की पेशी सौम्य रसायनाने मारली तरी त्या प्रक्रियेतच ही पेप्टाइडे केंद्रकात सरकतात. न मारलेल्या, जिवंत पेशीत ती बाहेरच्या पिशव्यांमध्ये अडकलेली असतात. औषधे पेशीत पोचवण्याच्या किती आशा त्या चित्रांवर टांगलेल्या होत्या, याची कल्पना त्या काळचे निबंध वाचले की येते.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र मेंदूतले आहे. दोन चेतापेशी जिथे भेटतात तिथे त्या एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. फटीच्या अलीकडच्या पेशीत बसून असते बसून नावाचेच प्रथिन, आणि पलीकडच्या पेशीत होमर-१. साध्या सूक्ष्मदर्शकात दोहोंचे ठिपके एकमेकांवर येतात आणि मध्ये छान पिवळा दिसतो. ही प्रथिने एका संकुलात नाहीत, एका पेशीतसुद्धा नाहीत. २०१० साली हार्वर्डमध्ये श्याओवेई च्वांग आणि कॅथरीन द्युलाक यांच्या गटांनी एकेका रेणूचा दिवा पाळीपाळीने लावून त्याची जागा टिपणारे नवे तंत्र मेंदूच्या कापांवर वापरले, तेव्हा त्याच पिवळ्या ठिपक्याच्या जागी एक हिरवी आणि एक तांबडी अशा दोन स्वतंत्र पट्ट्या समोरासमोर उभ्या राहिल्या. आबेची मर्यादा ओलांडणाऱ्या अशा तंत्रांसाठी २०१४ साली एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोअर्नर यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या नव्या नजरेने सहस्थानाची गंमतच केली. ठिपका लहान होत गेला तसा पिवळाही कमी होत गेला. पुरेशी बारीक नजर लाभली तर दोन प्रथिने एकाच जागी कधीच सापडणार नाहीत, कारण दोन वस्तू एका जागेत मावत नाहीत. मग 'एकाच बिंदूत आहेत का' हा प्रश्न सोडून 'एकमेकांपासून किती दूर आहेत' असे विचारावे लागते. त्यासाठी संशोधक आता ब्रायन रिप्ले यांनी १९७०च्या दशकात मांडलेले सूत्र वापरतात, जे वनस्पतिशास्त्रज्ञ जंगलातली झाडे घोळक्याने उगवली आहेत की विखरून, हे पाहण्यासाठी वापरत आले आहेत. आणि खरोखर स्पर्श आहे का असेच विचारायचे असेल, तर थिओडोर फर्स्टर यांनी १९४८ साली ज्याचे गणित मांडले तो ऊर्जेचा हस्तांतर पाहतात: दोन दिवे १० नॅनोमीटरच्या आत असतील तरच एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे उडी मारते. कॉस्त यांनीही आपल्या सूत्राची परीक्षा याच कसोटीवर घेतली होती.

राहता राहिला तो रंग. २००२ साली जपानमधल्या मासाताका ओकाबे आणि केई इतो या दोन जीवशास्त्रज्ञांनी शास्त्रीय चित्रांच्या रंगांबद्दल एक आवाहन केले. हिरवा आणि तांबडा वेगळा न ओळखता येणारे लोक पुरुषांत बरेच असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के. ओकाबे आणि इतो दोघेही त्यांतलेच. ज्या तिसऱ्या चौकटीवर निबंधाचा निष्कर्ष टेकलेला असे, तिच्यात या दोघांना पिवळा वेगळा म्हणून ओळखूच येत नसे. त्यांनी सुचवले की तांबड्याच्या जागी किरमिजी वापरा आणि दोन्ही चित्रे स्वतंत्रपणे काळ्या-पांढऱ्यातही छापा. अनेक नियतकालिकांनी आता ते स्वीकारले आहे. हिरवा आणि किरमिजी एकत्र आले की पडद्यावर पांढरा होतो. नव्या अंकांत तिसऱ्या चौकटीतले ठिपके आताशा पांढरे दिसू लागले आहेत.